आणखी काही घेता का?

दिवाळीच्या आधी माझा पहिला स्टायपेंड जमा झाला. इंटर्नचा स्टायपेंड तो, त्यात काही कुणाला सोन्याची चेन येत नाही. आईला कुर्ता घेतला, बाबांना पॉवर बँक घेतली आणि आप्पांसाठी, म्हणजे माझ्या आजोबांसाठी, कॅप्सूलची एक बाटली ऑनलाइन मागवली. हिरवी बाटली, वर हळकुंडाचं चित्र, मोठ्या अक्षरांत 'नैसर्गिक अँटीऑक्सिडंट'. आत हळदीचा अर्क आणि थोडासा काळ्या मिरीचा अर्क. आप्पा ७४ वर्षांचे. गुडघे दुखतात, जिना चढताना दम लागतो. म्हटलं, हळदच तर आहे, हळदीने काय बिघडणार? रोज फोडणीत पडते की!

तीन आठवड्यांनी सकाळी सातला आईचा फोन आला. आप्पांनी दात घासले आणि बेसिन लाल झालं. हिरड्यांतून रक्त थांबेना. दोन्ही हातांवर न पडता-झडता काळेनिळे डाग उठले होते.

आप्पांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यामुळे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन वर्षांपासून त्यांना वॉर्फरिन चालू आहे. आपण त्याला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. ही गोळी घेणाऱ्यांची आयएनआर नावाची रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते त्यातून कळतं. आप्पांसारख्यांचा आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये हवा. कमी झाला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. त्या दिवशी आप्पांचा आकडा ६ च्या वर होता.

मी पुण्याहून पहिली एसटी पकडून गेले. तोवर हॉस्पिटलमध्ये त्यांना कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी तपासलं होतं, सिस्टरने सलाईन लावलं होतं, लॅबवाल्याने रक्त नेलं होतं आणि राउंडचे मोठे डॉक्टरही येऊन गेले होते. सगळ्यांचा प्रश्न एकच, 'वॉर्फरिन चुकून दोनदा घेतली का?' आप्पा म्हणायचे, नाही. आई म्हणायची, नाही, मीच काढून देते. विषय तिथेच संपायचा.

दुपारी पाचवी व्यक्ती आली. माझ्याच वयाची मुलगी, पांढरा अ‍ॅप्रन, हातात फाइल. फार्म.डी.च्या शेवटच्या वर्षाची इंटर्न. तिने स्टूल ओढलं, आप्पांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, कॅप्सूल, कुणी आणून दिलेलं काही?"

आप्पा एकदम खुलले. "घेतोय की! नातीनं पाठवल्यात. पण ते काय औषिद न्हाई बाई, ताकदीच्या कॅप्सुला हायत."

मी तिथेच उभी होते. त्या क्षणी मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

कॅप्सूल त्याच दिवशी बंद झाल्या, व्हिटॅमिन के दिलं, वॉर्फरिन काही दिवस थांबवून पुन्हा सुरू केली. पुढच्या आठवड्यात आकडा जागेवर आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की, शंभर टक्के हेच कारण असं सिद्ध करता येणार नाही, पण आधी दोन वर्षं सगळं सुरळीत असताना नवीन आलेली गोष्ट एकच होती. नंतर वाचलं तर कळलं की, न्यूझीलंडच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. तिथे वॉर्फरिन घेणाऱ्या एका पेशंटने हळदीचं सप्लिमेंट सुरू केल्यावर काही आठवड्यांत त्याचा आयएनआर १० च्या वर गेला होता.

आप्पा आता बरे आहेत. पण त्या दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये आणि तीच आज तुमच्यासमोर मांडायची आहे. आपल्याकडे झाडपाल्यातले अँटीऑक्सिडंट शोधणारे हात भरपूर आहेत. पेशंटच्या शेजारी स्टूल ओढून 'आणखी काही घेता का' असं विचारणारे हात मात्र फार थोडे आहेत. हे प्रमाण उलटं व्हायला हवं, असं मला वाटतं.

जांभळ्याचं पिवळं

आता कबुली देते. ती बाटली मी जाहिरातीला भुलून घेतली नव्हती. मी 'सायन्स' बघून घेतली होती.

माझी रूममेट एम.फार्म. करते. तिचा प्रोजेक्ट शेवग्याच्या पानांवर आहे. एका रविवारी मी तिच्याबरोबर लॅबमध्ये गेले होते. तिने पानं सावलीत वाळवून दळून ठेवली होती, मिथेनॉलमध्ये अर्क काढला होता. मग एका गडद जांभळ्या द्रावणात तिने तो अर्क घातला आणि अर्ध्या तासात जांभळा रंग उडून फिका पिवळा झाला. मी व्हिडिओ काढला, स्टोरीला टाकला. 'बघा, शेवग्याची ताकद!' असं वर लिहिलं. शेवग्यात एवढं, तर हळदीत किती असेल, असा माझा हिशोब.

त्या रात्री हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून मी तिला फोन केला. रडतच होते. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, ते टेस्ट ट्यूबमध्ये होतं. टेस्ट ट्यूबला लिव्हर नसतं!"

फार्मसीवाल्यांना हे माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. या टेस्टचं नाव डीपीपीएच. हा एक स्थिर 'फ्री रॅडिकल' आहे, म्हणजे एक इलेक्ट्रॉन सुटा राहिलेला रेणू. त्याचा रंग जांभळा. अर्कातल्या एखाद्या पदार्थाने त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की तो शांत होतो आणि रंग पिवळा पडतो. ५१७ नॅनोमीटरवर मशीन लावून रंग किती उतरला ते मोजायचं, व्हिटॅमिन सीशी तुलना करायची, आलेख काढायचा. टेस्ट स्वस्त आहे, झटपट आहे आणि सहसा 'निकाल' देतेच. कारण फिनॉल आणि फ्लॅव्होनॉइड जवळजवळ प्रत्येक झाडात असतात. चहा घ्या, पेरूची पानं घ्या, कढीपत्ता घ्या, कांद्याची साल घ्या, रंग उतरणारच.

पण या टेस्टने प्रश्नाचं उत्तर मिळतं ते एवढंच की, काचेच्या नळीत हा अर्क त्या जांभळ्या रेणूशी कसा वागला. तो पोटात टिकतो का, आतड्यातून रक्तात जातो का, लिव्हर त्याचं काय करतं, शेजारच्या गोळीशी त्याचं जमतं का, यातलं काहीच कळत नाही.

हळदीचंच बघा. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी लोकांना २ ग्रॅम कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, दिलं. रक्तात ते जवळपास सापडलंच नाही, इतकं कमी. मग त्याबरोबर मिरीतलं पायपरिन फक्त २० मिलिग्रॅम दिलं, तर रक्तात पोचणारं कर्क्युमिन २००० टक्क्यांनी वाढलं. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरी आली. पायपरिन करतं काय? आलेला पदार्थ मोडून बाहेर काढायच्या शरीराच्या काही वाटा ते अडवतं. पण त्या वाटांनी एकटी हळद जात नाही, कितीतरी औषधं जातात. बाटलीवर लिहिलेला 'जास्त शोषण होणारा फॉर्म्युला' वाचताना मला हे सुचलंच नव्हतं. फोडणीतली चिमूटभर हळद आणि एका कॅप्सूलमध्ये कोंबलेला अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नाही.

मोठ्या प्रयोगांनी काय दाखवलं?

तुम्ही म्हणाल, एका आजोबांच्या हिरड्यांवरून सगळ्या अँटीऑक्सिडंटला कशाला झोडपतेस? बरोबर आहे. म्हणून मोठे आकडे बघू.

फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. बीटा-कॅरोटीन हे गाजरातलं अँटीऑक्सिडंट गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल, अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर तसाच प्रयोग चालू होता. त्यात सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि अ‍ॅसबेस्टॉसशी संबंध आलेले कामगार होते. बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला.

याचा अर्थ गाजर खाऊ नका असा अजिबात नाही. गाजर खा, पालक खा, आवळा खा. अर्थ एवढाच की, 'अँटीऑक्सिडंट आहे म्हणजे चांगलंच' हे वाक्य माणसांवर तपासलं तेव्हा कोसळलं. अमेरिकेच्या कृषी खात्याची वेबसाइट एकेकाळी पदार्थांची 'अँटीऑक्सिडंट क्षमता' आकड्यांत द्यायची. कंपन्या तेच आकडे जाहिरातीत वापरायला लागल्या. शेवटी २०१२ मध्ये त्या खात्याने ती यादीच काढून टाकली, कारण नळीतल्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही.

आपल्याकडे मात्र अजूनही पानं वाळतायत, जांभळ्याचं पिवळं होतंय आणि निष्कर्षात तेच वाक्य येतंय, 'या वनस्पतीत औषधी क्षमता असून पुढील संशोधन आवश्यक आहे.' पुढचं संशोधन करायला पुढची बॅच येते. ती दुसरं झाड निवडते.

मग झाडपाला टाकाऊ आहे का?

अजिबात नाही. उलट या वादात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आपल्या मुंबईतली आहे आणि ती झाडाचीच आहे.

सर्पगंधा आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. रुस्तम जाल वकील नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी ब्लडप्रेशरच्या पेशंटना सर्पगंधेच्या मुळापासून केलेल्या गोळ्या दिल्या, ठरावीक दिवसांनी प्रेशर मोजलं, नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये त्यांचा पेपर 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी त्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं. पुढे १९५७ मध्ये डॉ. वकील यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, झाड जुनंच होतं. फरक पडला तो पेशंटच्या दंडाला पट्टा बांधून पारा बघणाऱ्या माणसामुळे. आणि याच औषधाने नाक चोंदतं, मरगळ येते, हेही पेशंटकडूनच कळलं. फायदा आणि तोटा दोन्ही एकाच ठिकाणी सापडले, खाटेशेजारी.

आता याच्या उलट गोष्ट, तीही मुंबईचीच. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आठवतंय? तुम्हीही नाक मुरडत प्यायला असाल. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांना लिव्हरला इजा झालेले सहा पेशंट आढळले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा केंद्राच्या आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. संशोधकांनी पेशंटनी नेमकं काय घेतलं ते तपासलंच नाही, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वनस्पतीही असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं.

कोण बरोबर, हे ठरवायची माझी लायकी नाही. पण दोन्ही बाजू ऐकल्या की एकच प्रश्न उरतो. हे लोक काढा पीत होते तेव्हा कुणी विचारलं होतं का? कुठून आणलं, किती घेता, कधीपासून, बरोबर कुठली गोळी चालू आहे? तेव्हाच कुणी विचारून लिहून ठेवलं असतं तर नंतरचा अर्धा वाद झालाच नसता.

खिडकीपलीकडचा माणूस

विचारायचं कुणी? डॉक्टरांच्या ओपीडीबाहेर रांग असते, ते एका पेशंटला काही मिनिटंच देऊ शकतात. मग चिठ्ठी घेऊन आपण जातो फार्मसीच्या खिडकीवर. मी या लेखासाठी एका हॉस्पिटलच्या खिडकीजवळ सकाळभर उभी राहिले. जाळीच्या आतून हात येतो, चिठ्ठी घेतो, पाकिटं कापतो, त्यावर पेनाने खुणा करतो. 'ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी. पुढे...' एकेकाला मिनिटभरही मिळत नव्हता. एका आजींनी विचारलं, "ही साखरेची आहे का प्रेशरची?" मागच्या माणसाने "आजी, चला की" म्हटलं आणि त्या बाजूला झाल्या. उत्तर मिळालंच नाही. खिडकीतल्या माणसाची चूक म्हणावी तर त्याच्या पुढ्यात अख्खी रांग होती.

गंमत म्हणजे कायदा आपल्या बाजूने आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार औषध देताना पेशंटला त्याबद्दल समजावून सांगणं हा नोंदणीकृत फार्मासिस्टच्या कामाचा भाग आहे. आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात हेच काम करण्यासाठी २००८ पासून आपल्याकडे फार्म.डी. हा सहा वर्षांचा कोर्स आहे, पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप. चिठ्ठीतल्या औषधांचा एकमेकांशी झगडा होतो का ते बघणं, पेशंट घरी काय घेतो आणि इथे काय लिहिलंय ते जुळवणं, डोस तपासणं, हे त्यांचं शिक्षण.

शिकून झाल्यावर हे लोक कुठे जातात? माझ्या रूममेटच्या ओळखीतले कित्येक जण पुण्या-मुंबईत, हैदराबादमध्ये कंपन्यांत बसलेत. परदेशातल्या पेशंटना झालेले साइड इफेक्ट इथल्या स्क्रीनवर नोंदवतात. कामात वाईट काहीच नाही, पगारही बरा मिळतो. पण आयोवातल्या एखाद्या आजोबांच्या हिरड्यांतून रक्त आलं तर त्याची नोंद पुण्यात होते आणि आमच्या आप्पांना विचारायला योगायोगाने एक इंटर्न सापडावी लागते, हे मला खटकतं. ती इंटर्न होती म्हणून होती. तिचं वर्ष संपलं की त्या स्टुलावर कोण बसणार?

'पण' म्हणणाऱ्यांसाठी

हा लेख लिहायच्या आधी रूममेटशी कडाक्याचं भांडण झालं. तिचं म्हणणंही मांडलं पाहिजे.

ती म्हणाली, "तुला सोपं आहे गं बोलायला. आमच्या हातात प्रोजेक्टला एक वर्ष. कॉलेजला जोडलेलं हॉस्पिटल नाही. माणसांवर काही करायचं तर एथिक्स कमिटी, परवानग्या. प्राण्यांवर करायचं तर वेगळ्या परवानग्या. पान मात्र अंगणात मिळतं. आणि या टेस्टमुळे मी अर्क काढायला शिकले, मशीन चालवायला शिकले, आकडे मांडायला शिकले. ते फुकट आहे का?"

नाही, फुकट नाही. शिकण्यासाठी डीपीपीएच उत्तमच आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की, त्याला शिकण्याची टेस्टच राहू द्या. तिच्या जोरावर 'कॅन्सररोधक', 'मधुमेहावर गुणकारी' असं लिहू नका. कारण ते वाक्य थिसिसमध्ये राहत नाही. ते बाटलीच्या लेबलवर जातं, रीलमध्ये जातं, फॅमिली ग्रुपवर जातं आणि शेवटी एखादी नात स्टायपेंडमधून ते विकत घेते. मी तिला विचारलं, "तुझ्या व्हायव्हात काय विचारलं?" ती म्हणाली, "आयसी फिफ्टी किती आली, ते." "हे कुणाला द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, हे विचारलं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "नाही विचारलं."

दुसरा 'पण' हॉस्पिटलवाल्यांचा. इथे सिस्टर पुरत नाहीत, फार्मासिस्ट कुठून आणायचे? खरंय. पण एक गोष्ट बिनपैशांत होते. केस पेपरवर एक ओळ छापा, 'डॉक्टरांच्या औषधांव्यतिरिक्त आणखी काय घेता?' जो कुणी पहिल्यांदा केस पेपर लिहितो, त्याने ती भरायची. आमच्या आप्पांचा केस पेपर मी पाहिलाय. त्यात तंबाखूची ओळ होती, दारूची ओळ होती. हळदीच्या कॅप्सूलला जागाच नव्हती.

आणि फार्मसी कॉलेजांना विनंती. दर वर्षी दहा झाडांवर प्रोजेक्ट होत असतील तर पाच होऊ द्या. उरलेल्या पाच जणांना रीतसर परवानगी काढून जवळच्या दवाखान्यात बसवा. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांना पिशवी रिकामी करायला सांगा आणि त्यातून काय काय निघतं ते लिहा. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं चूर्ण, गावच्या वैदूची पुडी, नातीने पाठवलेली बाटली. मधुमेहाच्या गोळीबरोबर साखर उतरवणारं आणखी काही घेतलं तर साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते, हे पुस्तकात आहे. पण आपल्या तालुक्यात कोण, कशाबरोबर, काय घेतं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. ही माहिती गोळा झाली तर कोणत्या झाडावर खरंच पुढचं संशोधन करायला हवं, तेही त्यातूनच कळेल.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही फार्मसीचे नसाल. मीही नाही. तरी तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांच्या औषधांचा डबा जमिनीवर ओता. डॉक्टरांनी दिलेलं, शेजाऱ्यांनी सुचवलेलं, तुम्हीच आणलेलं, सगळं एका कागदावर लिहा. नाव, किती, कधी, कधीपासून. कागदाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांना आणि फार्मासिस्टला दाखवा. विचारताना आवाज मात्र सांभाळा. 'हे काय फालतू घेताय' म्हटलंत की पुढच्या वेळी ते लपवून घेतील. आणि कागद बघून स्वतःच्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. वॉर्फरिनसारखी गोळी अचानक थांबवणं तितकंच धोक्याचं आहे.

दोन, फार्मासिस्टला प्रश्न विचारायची सवय लावा. आपण मोबाइल घेताना दुकानदाराला वीस प्रश्न विचारतो. औषध घेताना फक्त 'किती झाले?' एवढंच विचारतो. 'माझी अमुक गोळी चालू आहे, त्याबरोबर हे चालेल का?' एवढं वाक्य पुरे आहे.

तीन, काही विपरीत झालंच तर कळवा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल फ्री नंबर. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही, पेशंट किंवा नातेवाईकही कळवू शकतात. आप्पांच्या बाबतीत मी फोन केला. माझ्याच हातून झालेल्या गोष्टीची तक्रार मीच नोंदवत होते, त्यामुळे आवाज थोडा कापत होता. पण फोन ठेवल्यावर जरा बरं वाटलं.

गेल्या महिन्यात घरी गेले होते. आप्पांच्या कपाटावर आता तो कागद चिकटवलाय, आईच्या अक्षरात. आयएनआरची तारीख लाल पेनाने. मी तपासत होते, सगळं बरोबर आहे ना ते. आप्पा कॉटवर बसून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "माझं लिवलं. तुझं काय? तू काय काय घेतीस?"

मी हसले आणि मग मोजायला लागले. केसांसाठी गमीज. एका सीनियरने सांगितलेल्या, वजन कमी करायच्या ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये ग्रीन टीचे अर्क मोठ्या डोसमध्ये लिव्हरला त्रास देऊ शकतात असं म्हटलंय, हे मी याच लेखासाठी वाचलं होतं आणि बाटली तरी बॅगेतच होती. शिवाय पित्ताची गोळी, आठवड्यातून तीनदा तरी, कुणालाही न विचारता.

आप्पांनी उशीखालचं पेन काढून माझ्या हातात दिलं. कागदावर त्यांच्या नावाखाली बरीच जागा शिल्लक होती.